खापरी नळांची थंडाई

औरंगाबादची, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की आपल्याला ठाऊक असते ती धान्य दळणारी म्हणून. पण तिथल्या बांधणाऱ्यांनी आणखी एक युक्ती केली होती. पाण्याच्या मोठ्या हौदाचा तळ हेच खालच्या दालनाचं छत! वरचं पाणी छताची उष्णता घेऊन पुढे निघून जाई. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यावर येणाऱ्या यात्रेकरूंना भर वैशाखात तिथे गारवा मिळे. वीज नाही, पंखा नाही.

सारी मेख वाहण्यात आहे. साचलेलं पाणी तापत जातं, वाहतं पाणी ताप पुढे नेतं. म्हणून हौदात पाणी अखंड यायला हवं. ते काही किलोमीटरवरच्या डोंगरातल्या झऱ्यापासून खापरी नळांनी येई. सतराव्या शतकाच्या आरंभी मलिक अंबरानं या शहराला नहरी दिल्या. तीच विद्या अठराव्या शतकात पाणचक्कीच्या कामी आली. वाटेतल्या उंच मनोऱ्यांत पाणी वर चढे आणि नळातली कोंडलेली हवा निघून जाई. नहरीत उतरून साफसफाई करता यावी म्हणून जागोजागी तोंडं ठेवलेली असत.

ही तोंडं का हवीत? इथे कामोठ्यात प्लंबर जुना नळ कापतो, तेव्हा आत क्षारांचा थर दिसतो. चार इंची नळात चहूबाजूंनी अर्धा इंच थर बसला, तर वाट उरते तीन इंच. आपल्याला वाटतं, पाव हिस्सा गेला. प्रत्यक्षात नळाच्या तोंडाचं क्षेत्रफळ ५६ टक्क्यांवर येतं. त्यात घर्षण वाढतं, म्हणून तेवढ्याच उतारावर पाणी निम्म्याहूनही कमी मिळतं. मोटारीच्या रेडिएटरला हाच नियम लागू आहे आणि डेटा सेंटरमधल्या संगणकांना थंड ठेवणाऱ्या नळ्यांनाही.

पुढे नहरींच्या वाटेवर वस्ती वाढली, नळ फुटले, झाडांची मुळं आत शिरली. नहर बांधणाऱ्या मलिक अंबराचं नाव आपल्याला पाठ आहे. पण त्या तोंडांतून आत उतरून वर्षानुवर्षं गाळ उपसणाऱ्यांपैकी एकाचंही नाव आपल्याला सांगता येत नाही. शहर गार राहिलं, ते त्यांच्याही हातांमुळे.