महाभारतातील अनिर्णित कथाप्रश्न

महाभारताच्या कथेत मोकळ्या राहिलेल्या गाठी आणि त्या सोडवण्यासाठी मराठी वाचक-लेखकांनी घातलेला वाद. कीर्तन-पुराणांतून तो जुनाच चालत आला आहे. गद्यात त्याला खरा बहर १९६० च्या दशकात आला. दुर्गा भागवतांचे ‘व्यासपर्व’ १९६२ मध्ये, तर इरावती कर्व्यांचे ‘युगान्त’ आणि शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ ही कादंबरी १९६७ मध्ये प्रसिद्ध झाली.

सर्वांत अवघड गाठ द्यूतसभेतली. युधिष्ठिर आधी स्वतःला हरला की मला, असे द्रौपदी विचारते. जो स्वतःच दास झाला, त्याला पत्नी पणाला लावण्याचा अधिकार उरतो का? भीष्म धर्म सूक्ष्म असल्याचे सांगून निर्णय टाळतात. विदुर सभेला उत्तर द्यायला विनवतो. कौरवांपैकी एकटा विकर्ण, ती जिंकली गेलेली नाही, असे उघड म्हणतो. मग अपशकुन होतात, धृतराष्ट्र घाबरून वर देतो, द्रौपदी दोन वरांत पतींची सुटका करून घेते आणि तिसरा नाकारते. प्रश्नाचा निकाल मात्र लागतच नाही. कर्व्यांच्या मते द्रौपदीने तिथे पांडित्य दाखवायला नको होते. हे मत पटण्यासारखे नाही. तिने दयेची याचना केली असती, तर सगळे दुर्योधनाच्या मर्जीवर राहिले असते; प्रश्न विचारल्यामुळे सभेतल्या प्रत्येक वडीलधाऱ्याचे मौन कायमचे नोंदले गेले.

युधिष्ठिराच्या पित्याविषयी कर्व्यांनी मांडलेला तर्क मात्र मराठीतल्या अशा वादांत सर्वांत धाडसी आणि बांधेसूद आहे. युधिष्ठिर धर्माचा पुत्र, आणि मांडव्य ऋषींच्या शापामुळे विदुररूपाने जन्मलाही धर्मच. नियोगासाठी दीर हा रूढीला मान्य पर्याय. आश्रमवासिक पर्वात तर मरणसमयी विदुर योगबळाने युधिष्ठिराच्या देहात प्रवेश करतो. पित्याने आपली इंद्रिये, आपले प्राण पुत्राच्या हवाली करावेत असा उपनिषदांतला विधी इथे आठवतो. तेव्हा विदुरच त्याचा पिता असावा का? दासीपुत्राचा मुलगा म्हटल्यावर राज्यावरचा हक्क लंगडा पडला असता, म्हणून हे झाकले गेले असेल, हे कारणही पटते. पुरावा सगळा ग्रंथातलाच आहे, तरीही कर्व्यांनी शेवटचे पाऊल प्रश्नरूपच ठेवले, याचे मोल मोठे आहे.

कर्णाच्या बाबतीत वादाला वेगळेच वळण लागले. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने १९१९ मध्ये हाती घेतलेली चिकित्सक आवृत्ती १९६६ मध्ये पूर्ण झाली. तिच्यासाठी १,२५९ हस्तलिखिते उपयोगात आली. विष्णु सीताराम सुकथनकर यांनी तिच्या संपादनाची पद्धत घालून दिली. सूतपुत्राला वरणार नाही, हे स्वयंवरातले द्रौपदीचे गाजलेले वाक्य या आवृत्तीच्या मुख्य पाठात नाही. उलट, कर्ण-शल्यांसारख्यांनाही जे धनुष्य वाकवता आले नाही, असा उल्लेख तिथे राहतो. कर्णाच्या अपमानावर उभी राहिलेली सहानुभूती यामुळे ओसरली नाही. ‘मृत्युंजय’मध्ये कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण आपापली बाजू सांगतात, यांतले वृषाली हे नाव मूळ ग्रंथात सापडत नाही. वाचकांनी तिला कर्णाची पत्नी म्हणून इतके आपलेसे केले की पुष्कळांना ती व्यासांचीच वाटते.

पोथीबाहेरही ही कथा पुढे चालू आहे. कृष्णाने अश्वत्थाम्याला तीन हजार वर्षे भटकण्याचा शाप दिला. पुढे त्याचे काय झाले, हे ग्रंथ सांगत नाही. सातपुड्यातल्या लोकांना ते ठाऊक आहे. नंदुरबार जिल्ह्यातल्या अस्तंबा शिखरावर तो आजही भळभळत्या जखमेसाठी तेल मागत फिरतो, अशी श्रद्धा आहे आणि दिवाळीच्या सुमारास तिथे यात्रा भरते. डहाणू तालुक्यात विवळवेढ्याच्या महालक्ष्मीची आख्यायिका भीमाला वनवासातून थेट सूर्या नदीवर आणते. देवीवर भाळलेल्या भीमाला ती एका रात्रीत नदीला बांध घालण्याची अट घालते, आणि काम उरकत येताच कोंबड्यासारखी आरवून त्याला चकवते. व्यासांच्या ग्रंथात हा प्रसंग नाही.