अनिश्चित भृति व लेख

मुळशी तालुक्यांतील हिंजवडी येथें संगणकाचीं कामें करणारे कित्येक जण नोकरी न पत्करतां कामापुरता मोबदला ठरवून राबतात. मोबदला आधीं ठरलाच नाहीं तर काय, हा त्यांचा प्रश्न नवा नव्हे. अर्थशास्त्रांत कौटिल्य सांगतो कीं, बोलून ठरलें असेल तें वेतन द्यावें. ठरलें नसल्यास शेतांत राबणाऱ्यास धान्याचा, गुराख्यास तुपाचा व माल विकणाऱ्यास त्या मालाचा दहावा भाग मिळावा. याज्ञवल्क्यस्मृतींतही असाच दशमांश आहे. म्हणजे उभयतां जेथें मौन धरितात, तेथें शास्त्र बोलतें.

याज्ञवल्क्यस्मृतींत लेख्यप्रकरणही आहे. परस्परसंमतीनें ठरलेला अर्थ साक्षीसमक्ष लिहावा, त्यांत वर्ष, मास, पक्ष, दिवस व नांवें असावीं, ऋणकोनें स्वहस्तें संमति द्यावी आणि शेवटीं लेखकानें आपलें नांव घालावें, असा त्याचा क्रम आहे.

आजही १८७२ च्या करार कायद्यान्वयें तोंडी करार सामान्यतः ग्राह्य आहे. परंतु स्वतंत्रपणें रचिलेल्या संगणक-आज्ञावलीचा स्वामित्वहक्क १९५७ च्या कायद्याप्रमाणें सहीच्या लेखाशिवाय दुसऱ्याकडे जात नाहीं. लेखांत मुदत नसल्यास ती पांच वर्षें व प्रदेश नसल्यास भारत एवढाच धरितात.

पूर्वीं दशमांश, आतां पांच वर्षें. दोन्ही उभयतांनीं मागितलेलीं नव्हेत. म्हणून काम कोणतें, केव्हां द्यावयाचें, मोबदला किती व हक्क कोणाचा, हीं चार कलमें कामास हात घालण्यापूर्वींच लिहून घ्यावींत.