उंदीर, पिसू आणि एक 'म्हणून'

सप्टेंबर १८९६मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचं निदान केलं. मांडवीत धान्याची गोदामं होती, दाटीवाटीच्या चाळी होत्या. जिथे घाण तिथे प्लेग, हे दिसत होतं. म्हणून घाणीमुळे प्लेग, असं ठरलं. संख्याशास्त्रात पहिलं विधान सहसंबंधाचं, दुसरं कार्यकारणभावाचं. मधल्या 'म्हणून'ची किंमत लोकांनी मोजली. १८९७च्या साथरोग कायद्याने सरकारला अफाट अधिकार दिले. सामान जाळलं गेलं, माणसं छावण्यांत नेली गेली. पुण्यात सोल्जर घरांत शिरले आणि २२ जूनला चाफेकरांनी रँडवर गोळी झाडली. प्लेग मात्र थांबला नाही.

उंदीर आधी मरतात, मग माणसं, हेही लोक बघत होते. पण तोही सहसंबंधच. दोघांना तिसरंच काही मारत असेल तर? दोष जमिनीत आहे, असं मानणारे होतेच.

पाश्चर इन्स्टिट्यूटचे फ्रेंच डॉक्टर पॉल-लुई सिमों यांना एक विसंगती खटकली. नुकताच मेलेला उंदीर हाताळणारे आजारी पडत. उंदीर मरून दिवस उलटला असेल, तर काही होत नसे. थंड पडलेलं शरीर पिसवा सोडून जातात. जून १८९८मध्ये कराचीत त्यांनी प्लेग झालेला, पिसवा असलेला उंदीर बरणीत ठेवला. निरोगी उंदीर जाळीच्या पिंजऱ्यात वर टांगला. दोघांचा स्पर्श अशक्य, पिसवांना मात्र वाट मोकळी. काही दिवसांत निरोगी उंदीर प्लेगने मेला. पिसवा काढून टाकल्यावर मात्र आजारी उंदरासोबत राहूनही निरोगी उंदीर जगले.

तरी वैद्यकीय जगाने त्यांना हसण्यावारी नेलं. १९०५नंतर प्लेग कमिशनने परळच्या प्रयोगशाळेत तेच पुन्हा सिद्ध केलं, तेव्हा कुठे पिसू दोषी ठरली.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. डॅशबोर्डवर दोन आलेख एकदम चढले की मीटिंगमध्ये पाच मिनिटांत 'कारण' सापडतं. अशा वेळी मला सिमोंची जाळी आठवते. आलेखाकडे आणखी टक लावून काही कळत नाही. संशयित गोष्ट काढून टाकून काय होतं ते बघावं लागतं.

मांडवीतली घाण खरीच होती. तिथे उंदीर पोसले जात, उंदरांवर पिसवा. घाण कारणाच्या शेजारी राहत होती, आणि शिक्षा झाली ती त्या घरांतल्या माणसांना.