गिरणी, बाळंतपण आणि आठ आणे रोज

विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकात मुंबईच्या कापडगिरण्यांतील कामगारांमध्ये स्त्रियांचे प्रमाण सुमारे एक पंचमांश होते. वाइंडिंग, म्हणजे सूत बॉबिनवर गुंडाळण्याचे खाते, आणि रीलिंग, म्हणजे सुताच्या लड्या काढण्याचे खाते, ही दोन खाती जवळजवळ त्यांचीच मानली जात. या खात्यांत भरती करण्याचा, काम वाटून देण्याचा आणि नको असलेल्या बाईला घरी बसवण्याचा अधिकार व्यवहारात नायकिणीकडे, म्हणजे पुरुषांच्या खात्यांतील जॉबरशी समकक्ष अशा स्त्री-मुकादमाकडे असे आणि तिला दस्तुरी, म्हणजे लाचवजा रक्कम, दिल्याखेरीज कामावर टिकणे अवघड होते. मजुरी कामाच्या मापावर मिळत असल्यामुळे गैरहजेरीचा प्रत्येक दिवस थेट उत्पन्नातून वजा होई. त्यामुळे बाळंतपणात बाईची मजुरी थांबे, दाईपासून बाळंतिणीच्या आहारापर्यंतचा खर्च वाढे, आणि ही दुहेरी तूट भरून काढण्यासाठी वाणी किंवा सावकार यांच्याखेरीज दुसरा आधार नसे. रुपयामागे महिन्याला एक आणा, म्हणजे वर्षाला ७५ टक्के, हा व्याजाचा दर त्या काळी गिरणगावात सर्रास चालत असे. अनेक कुटुंबांत मुलाचा जन्म आणि नवे कर्ज बरोबरच येत, ते यामुळेच.

या प्रश्नाची सरकारी दखल प्रथम बाहेरच्या दडपणामुळे घेतली गेली. १९१९ मध्ये वॉशिंग्टन येथे भरलेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेने प्रसूतिसंरक्षणाचा करार संमत केला. हिंदुस्थान सरकारने तो स्वीकारला नाही, तरी चौकशी करण्याचे मान्य केले. मुंबई सरकारने नेमलेल्या डॉ. बार्न्स या महिला डॉक्टरांनी १९२२ च्या सुमारास गिरणी कामगार स्त्रियांच्या स्थितीचा अहवाल दिला. आई कामावर असताना मूल शांत पडून राहावे म्हणून त्याला अफू घातलेली बाळगोळी देण्याची प्रथा किती रूढ झाली होती, हे त्या अहवालाने ठळकपणे पुढे आणले. या प्रथेचा दोष आईच्या अज्ञानावर टाकणे तेव्हाही सोपे होते आणि आजही तसे लिहिले जाते. परंतु ज्या बाईला तान्हे मूल चाळीच्या खोलीत ठेवून पाळीला जाण्यावाचून गत्यंतर नव्हते, तिच्यासमोर दुसरा पर्याय कोणता होता, हा प्रश्न विचारल्याशिवाय तो दोष ठरवता येत नाही.

त्याच काळातील मुंबईच्या बालमृत्यूचे आकडे वाचतानाही असाच विवेक ठेवावा लागतो. १९२१ मध्ये नोंदलेल्या दर हजार जन्मांमागे साडेसहाशेहून अधिक अर्भके दगावल्याची नोंद आहे. हा आकडा भीषण आहे, पण तो जसाच्या तसा घेता येत नाही. कोकणातील आणि घाटावरील अनेक स्त्रिया बाळंतपणासाठी गावी जात आणि मूल घेऊन मुंबईला परतत. अशा मुलाचा जन्म शहराच्या नोंदवहीत येत नसे, मात्र ते दगावल्यास मृत्यू तेथे नोंदला जाई. आकड्यातील ही सूज वजा केली तरी उरणारे प्रमाण कोणत्याही शासनाला लाज आणणारेच होते.

कायद्याचा पहिला प्रयत्न कामगार नेते ना. म. जोशी यांनी १९२४ मध्ये केंद्रीय विधिमंडळात विधेयक मांडून केला, पण तो फेटाळला गेला. पुढे रावसाहेब आसवले यांनी मुंबई विधान परिषदेत प्रांतापुरते विधेयक आणले आणि जुलै १९२८ मधील चर्चेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. बाळंतपणापूर्वी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून तिचा भार मुख्यतः सरकारने उचलला पाहिजे, असे त्यांचे मत होते. तथापि स्त्रीच्या श्रमाचा फायदा मालकालाही मिळत असल्यामुळे त्यालाही जबाबदारीतून पूर्णपणे सुटता येणार नाही, असे त्यांनी मांडले. भार कोणी वाहायचा हा या विषयाचा खरा गाभा होता आणि आंबेडकरांनी तो पहिल्याच चर्चेत नेमका ओळखला होता.

१९२९ चा मुंबई प्रसूतिलाभ कायदा मात्र हा सगळा भार एकट्या मालकावर टाकूनच झाला. बाळंतपणापूर्वी तीन आणि नंतर चार आठवडे रजा, तेवढ्या काळासाठी दिवसाला आठ आणे, आणि सहा महिन्यांच्या नोकरीची अट, असे त्याचे स्वरूप होते. सातही आठवड्यांचा प्रत्येक दिवस धरला तरी ही रक्कम साडेचोवीस रुपयांपुढे जात नसे. तरीही महत्त्वाचे हे की, प्रथमच ती कर्ज म्हणून नव्हे, हक्क म्हणून हाती येणार होती. विदर्भाचा समावेश असलेल्या मध्य प्रांतानेही १९३० मध्ये असाच कायदा केला, आणि कामगारांच्या स्थितीची चौकशी करणाऱ्या व्हिटली आयोगाने १९३१ मध्ये इतर प्रांतांपुढे या दोन्ही कायद्यांचा नमुना ठेवला. १९३४ च्या दुरुस्तीने मुंबईत रजा आठ आठवड्यांची झाली, पण नोकरीची अटही नऊ महिन्यांपर्यंत वाढवली गेली.

ज्या मालकाकडे जितक्या स्त्रिया, तितका त्याचा खर्च अधिक, अशी ही रचना असल्यामुळे स्त्रीला कामावर ठेवणेच महाग ठरू लागले. गिरण्यांतील स्त्रियांचे प्रमाण पुढील दशकांत सतत घसरत गेले. याचे खापर केवळ प्रसूतिलाभावर फोडणे अन्यायाचे होईल, कारण वाइंडिंगची वेगवान यंत्रे, कामाचे पुनर्वाटप आणि स्त्रियांना असलेली रात्रपाळीची बंदी ही कारणेही तितकीच, किंबहुना अधिक बलवान होती. परंतु छाटणीची यादी करणाऱ्याच्या हाती या रचनेने आणखी एक सबब दिली, हे नाकारता येत नाही.

यावरचा उपाय विम्याच्या रूपाने आला. आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना, १९४४ मध्ये, प्रा. आडारकर यांनी कामगारांच्या आरोग्यविम्याचा अहवाल सादर केला आणि त्यातून १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा घडला. मालक आणि कामगार यांच्या वर्गणीतून उभ्या राहिलेल्या निधीतून बाळंतिणीला पैसे मिळू लागल्यामुळे कोणा एका गिरणीला ती ओझे वाटण्याचे कारण उरले नाही. ही योजना मुंबईत १९५४ मध्ये लागू झाली, आणि तोवर ज्या स्त्रिया गिरणीबाहेर पडल्या होत्या त्यांच्यातील कित्येकींनी खानावळी चालवून, गिरणी कामगारांना जेवण घालून संसार चालवला होता. कोणाच्याच हजेरीपटावर नाव नसलेल्या या बायकांना विम्याचा लाभ मिळण्याचा प्रश्नच नव्हता. सामाजिक कार्यकर्त्या प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापून त्यांना बँकेचे कर्ज मिळवून दिले, तेव्हा कुठे त्या सावकाराच्या तावडीतून सुटू लागल्या.

विमा योजनेबाहेरच्या आस्थापनांसाठी १९६१ मध्ये केंद्राचा प्रसूतिलाभ कायदा आला. त्याने बारा आठवड्यांची पगारी रजा दिली आणि २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी ती सव्वीस आठवड्यांची केली; मात्र त्या संपूर्ण काळाचे वेतन देण्याची जबाबदारी, १९२९ प्रमाणेच, एकट्या मालकाकडे राहिली.