ओपन बॉक्स किंवा रिफर्बिश्ड म्युझिक कीबोर्ड घेताय? आधी वॉरंटी तपासा

दिवाळीनंतर झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम सुरू होतो. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांत होळीपर्यंत रात्रभर नाटकं चालतात आणि वादक समोर बसून लाइव्ह साथ करतात. लग्नाचे ऑर्केस्ट्रा आणि भजनी मंडळं वेगळीच. त्यामुळे आमच्या भंडारा जिल्ह्यातली बरीच पोरं हंगामाआधी मोबाईलवर यामाहा, कॅसिओ, रोलँडचे कीबोर्ड शोधत असतात. 'ओपन बॉक्स' किंवा 'रिफर्बिश्ड' लिहिलेली कमी किंमत दिसली की मला विचारतात, "दादा, घेऊ का?" मी उलट विचारतो, "वॉरंटी कोणाची आहे?"

आधी शब्द समजून घ्या

- ओपन बॉक्स : डबा उघडलेला, पण वस्तू फारशी न वापरलेली. कोणीतरी परत केलेली किंवा दुकानात डेमोला ठेवलेली.
- रिफर्बिश्ड : वापरलेली किंवा बिघडलेली वस्तू तपासून, दुरुस्त करून पुन्हा विकायला काढलेली. दुरुस्ती कंपनीनेच केली असेल असं नाही.
- ओपन बॉक्स डिलिव्हरी : हे एकदम वेगळं आहे. इथे वस्तू नवीनच असते, फक्त डिलिव्हरीवाला तुमच्यासमोर डबा उघडून दाखवतो.

वॉरंटीचे तीन प्रश्न

१. कोणाची? कंपनीची की विक्रेत्याची? कंपनीची असेल तर अधिकृत सर्व्हिस सेंटरला काम होतं. विक्रेत्याची असेल तर तो सांगेल तिथेच जावं लागतं. लाखनीच्या माझ्या एका मित्राच्या रिफर्बिश्ड कीबोर्डच्या दोन पट्ट्या महिनाभरात बंद पडल्या. विक्रेत्याने तो दुसऱ्या राज्यात स्वखर्चाने कुरिअर करायला सांगितला. कीबोर्ड जवळपास १ मीटर लांब, वजन ४-५ किलो, आणि मूळ डबा फेकून दिलेला. शेवटी त्याने गावाजवळच पैसे देऊन दुरुस्त करून घेतला.

२. कधीपासून? कंपनीची वॉरंटी साधारणपणे पहिल्या बिलाच्या तारखेपासून मोजतात. ओपन बॉक्स वस्तूचं पहिलं बिल आठ महिन्यांपूर्वीचं असेल, तर १ वर्षातले ४ महिनेच उरले. म्हणून सिरीयल नंबर मागून घ्या आणि कंपनीच्या कस्टमर केअरला फोन करून उरलेली मुदत विचारा.

३. कुठे आणि कशासाठी? सर्व्हिस नागपूरला मिळेल का, हे घेण्याआधीच विचारा. अडॅप्टर वॉरंटीत येतो का, तेही बघा. काही वॉरंटी कार्डांवर 'व्यावसायिक वापराला लागू नाही' असं बारीक अक्षरात असतं. सुपारी घेऊन वाजवणाऱ्यांनी ती ओळ नक्की वाचावी. परदेशातून आणलेल्या पीसवर भारतात कंपनीची वॉरंटी लागू आहे का, हेही विचारून घ्या.

कीबोर्ड आला की फोनने तपासा

पहिल्याच दिवशी, रिटर्नची मुदत संपायच्या आत हे करा :

- डबा उघडताना सलग व्हिडिओ काढा. कुरिअरचं लेबल आणि सिरीयल नंबर त्यात दिसू द्या.
- ६१ च्या ६१ पट्ट्या हळू आणि जोरात वाजवा. टच सेन्सिटिव्ह कीबोर्डला यूएसबी असेल तर ओटीजी केबलने फोनला जोडा आणि एखादं मिडी मॉनिटर ॲप उघडा. प्रत्येक दाबाला १ ते १२७ मधला आकडा दिसतो : हळू दाबलं की लहान, जोरात दाबलं की मोठा. एखादी पट्टी हळू दाबूनही १२० दाखवत असेल, तर तिच्याखालचा रबर कॉन्टॅक्ट खराब किंवा मळलेला असू शकतो.
- हेडफोन लावून दोन्ही कानांत आवाज येतो का बघा. अडॅप्टरची पिन हलवून कीबोर्ड बंद पडतो का, तेही पाहा.
- पिन बसते म्हणून दुसरा अडॅप्टर लावू नका. व्होल्टेज वेगळं असतं, प्लस-मायनसही उलटं असू शकतं.

विक्रेता ऐकत नसेल तर

२०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार विक्रेत्याची माहिती आणि वॉरंटीच्या अटी ग्राहकाला दिसल्या पाहिजेत. त्या पानाचा स्क्रीनशॉट ऑर्डर करतानाच काढून ठेवा. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा. तिथे तोडगा निघाला नाही तर भंडाऱ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं. विक्रेता दिल्लीचा असला तरी २०१९ च्या कायद्याने तुम्ही राहता तिथे तक्रार करू शकता. ५ लाखांपर्यंतच्या वस्तूसाठी फी नाही. मुदत २ वर्षांची.

'तू वाजवून पैसे कमावतोस, मग तू ग्राहक नाहीस' असं कोणी म्हटलं तर घाबरू नका. स्वतः वाजवून पोट भरण्यासाठीच वस्तू घेतली असेल, तर कायदा तिला व्यापारी खरेदी मानत नाही. फक्त बिल स्वतःच्या नावाने घ्या.

मग घ्यायचा का?

साधा हिशेब करा. समजा नवा कीबोर्ड २०,००० ला आहे आणि ओपन बॉक्स १८,००० ला, पण वॉरंटी फक्त विक्रेत्याची. एकदा कुरिअर आणि दुरुस्ती झाली की वाचलेले २,००० गेलेच, आणि हंगामात हातात कीबोर्ड नसला तर त्या तारखांचं मानधनही गेलं. अशा वेळी मी नवाच घ्यायला सांगतो. कंपनीची वॉरंटी निम्म्याहून जास्त उरली असेल, रिटर्नला निदान ७ दिवस असतील आणि किंमत चांगलीच उतरली असेल, तर ओपन बॉक्स बिनधास्त घ्या. विक्रेता वॉरंटी लिहून द्यायला टाळाटाळ करत असेल, तर वॉरंटी नाहीच असं धरून चाला.