मराठी दूरचित्रवाणी बातम्या : भाषेला पडदा मिळाला, गावाला किती?

बुलडाणा जिल्ह्यातील दुसरबीड हे सिंदखेडराजा तालुक्यातले, जालना-मेहकर मार्गावरचे गाव. २० ऑगस्ट २०२१ रोजी या गावाचे नाव मराठी वृत्तवाहिन्यांवर झळकले. समृद्धी महामार्गाच्या कामावरील मजुरांना घेऊन जाणारे, लोखंडी सळ्यांनी भरलेले वाहन गावाजवळ उलटले आणि १३ मजूर मृत्युमुखी पडले. एरवी दुसरबीड दूरचित्रवाणीच्या बातम्यांत क्वचितच दिसते. मराठीतून या बातम्या सुरू झाल्या त्याला अर्धशतक उलटून गेले. या काळात मराठी भाषेला पडदा मिळाला. मराठी गावाला तो कितपत मिळाला, हे पाहायचे तर दुसरबीडसारख्या ठिकाणाहूनच पाहायला हवे.

दूरदर्शनचे पर्व

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. दिल्लीनंतरचे हे देशातील दुसरे केंद्र होय. पुढच्याच वर्षी सिंहगडावरील प्रक्षेपकामुळे पुणेकरांना त्याचे कार्यक्रम दिसू लागले. 'बातम्या' हे मराठी वार्तापत्र लवकरच घराघरांतील संध्याकाळचा भाग बनले. भक्ती बर्वे, स्मिता पाटील, अनंत भावे, प्रदीप भिडे अशा वृत्तनिवेदकांचे चेहरे आणि उच्चार प्रेक्षकांच्या परिचयाचे झाले. यांपैकी स्मिता पाटील पुढे चित्रपटांत गेल्या, तर १९७४ मध्ये दूरदर्शनवर आलेल्या प्रदीप भिडे यांचा आवाज काही दशके बातम्यांशी जोडलेला राहिला. २०२२ मध्ये त्यांचे निधन झाले.

या वार्तापत्राने प्रमाण मराठीचा एक कानाला रुळलेला नमुना घडवला. 'ठळक बातम्या', 'वृत्तनिवेदक', 'दूरचित्रवाणी' हे शब्द रोजच्या बोलण्यात आले. मात्र प्रक्षेपण मुंबई-पुण्यापुरते असल्याने विदर्भ-मराठवाड्यातील खेड्यांचा आधार बराच काळ आकाशवाणीच्या प्रादेशिक बातम्या हाच होता. १९८३ मध्ये इन्सॅट-१बी उपग्रह सोडला गेला आणि १९८४ पासून देशभर लघुशक्ती प्रक्षेपक झपाट्याने उभे राहिले, तेव्हा दूरचित्रवाणी जिल्ह्याच्या गावी पोहोचली. त्यातही दिल्लीच्या राष्ट्रीय कार्यक्रमाचा वाटा मोठा होता. १५ ऑगस्ट १९९४ रोजी मराठीसाठी स्वतंत्र उपग्रह वाहिनी आली. २००० मध्ये तिचे नामकरण 'सह्याद्री' असे झाले.

चोवीस तासांच्या वाहिन्या

१९९९ मध्ये अल्फा मराठी आणि २००० मध्ये ई टीव्ही मराठी या खासगी वाहिन्या सुरू झाल्या. मालिकांबरोबर त्यांनी बातमीपत्रेही दिली. ई टीव्हीची बातमीपत्रे हैदराबादच्या रामोजी फिल्म सिटीतून प्रसारित होत. त्यांची खरी मदार मात्र जिल्ह्याजिल्ह्यांतील वार्ताहरांवर होती. तालुक्याच्या गावची बातमी पडद्यावर येऊ शकते, ही भावना तेव्हा प्रथमच रुजली.

२००७ मध्ये झी २४ तास आणि स्टार माझा, तर २००८ मध्ये आयबीएन लोकमत या वृत्तवाहिन्या सुरू झाल्या. स्टार माझा २०१२ पासून एबीपी माझा या नावाने ओळखली जाते. आयबीएन लोकमतचेही पुढे न्यूज१८ लोकमत झाले. दिवसातून एकदा मिळणारी बातमी आता चोवीस तास वाहू लागली.

बातमी गावातून मुंबईत कशी जाते? बहुतेक ठिकाणी जिल्ह्याचा प्रतिनिधी किंवा बातमीमागे मानधन घेणारा स्ट्रिंगर दृश्ये टिपतो आणि मोबाइलच्या जाळ्यावरून पाठवतो. संहिता मुंबईच्या डेस्कवर लिहिली जाते आणि निवेदक ती वाचतो. पूर्वी थेट प्रक्षेपणासाठी उपग्रहाची तबकडी बसवलेली ओबी व्हॅन लागे. आता अनेक सिमकार्डे एकत्र वापरणारे, पाठीवरच्या पिशवीत मावणारे यंत्र पुरते. तंत्र इतके सोपे झाले. परंतु कोणती बातमी 'चालेल' हा निर्णय महानगरातच होतो.

बुलडाणा केव्हा दिसतो?

या जिल्ह्याच्या बातम्यांचे एक ठरावीक वेळापत्रकच आहे. १२ जानेवारीला जिजाऊ जन्मोत्सवासाठी कॅमेरे सिंदखेडराजात येतात. अक्षय्य तृतीयेच्या सुमारास भेंडवळच्या घटमांडणीचे भाकीत दाखवले जाते. जून २०२० मध्ये लोणार सरोवराचे पाणी गुलाबी झाले, तेव्हा ती दृश्ये सर्वत्र गाजली. १ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेडराजा तालुक्यातच पिंपळखुटा येथे समृद्धी महामार्गावर खासगी प्रवासी बस पेटून २५ जणांचा मृत्यू झाला. त्या दिवशी सर्व वाहिन्यांवर हीच बातमी होती.

उत्सव, नवल आणि अपघात या तीन दारांनीच गाव पडद्यावर येते. सोयाबीनचा भाव, शाळेतील शिक्षकांची रिक्त पदे, प्राथमिक आरोग्य केंद्रातील औषधे, अपघातग्रस्तांच्या मदतीचे पुढे काय झाले, या रोजच्या प्रश्नांना दृश्य नसते. म्हणून वेळही नसतो. बोलीचेही तसेच. गावकऱ्याची वऱ्हाडी प्रतिक्रियेच्या काही सेकंदांपुरती ऐकू येते. निवेदनाची भाषा मात्र मुंबई-पुण्याचीच राहते.

वेल्सचे उदाहरण

ब्रिटनमधील वेल्सचा अनुभव या संदर्भात पाहण्याजोगा आहे. २०२१ च्या जनगणनेनुसार तेथे वेल्श बोलणारे सुमारे ५ लाख ३८ हजार आहेत. मराठी मातृभाषा असलेले २०११ मध्ये ८ कोटी ३० लाख होते. स्वतंत्र वेल्श वाहिनीचे आश्वासन सरकारने मागे घेताच १९८० मध्ये ग्विनफोर इव्हान्स या नेत्याने प्राणांतिक उपोषणाचा इशारा दिला. सरकारने माघार घेतली आणि १ नोव्हेंबर १९८२ रोजी 'एस फोर सी' ही वाहिनी सुरू झाली. तिच्यासाठी 'न्यूविदियॉन' हे वेल्श वार्तापत्र बीबीसी तयार करते. बाजाराच्या हिशेबात न बसणारी ही बातमी सार्वजनिक निधीवर चालते.

त्याहून महत्त्वाची गोष्ट २०१८ मधील. या वाहिनीने आपले मुख्यालय राजधानी कार्डिफमधून कार्मार्थन या लहान शहरात हलवले. भाषा जेथे नित्य व्यवहारात आहे तेथे संस्थेनेही असावे, हा त्यामागील विचार.

मराठीला अस्तित्वासाठी उपोषण करावे लागले नाही. बाजारानेच तिला एकाहून अधिक वृत्तवाहिन्या दिल्या. मात्र बाजार प्रेक्षकसंख्या मोजतो, गावे मोजत नाही. दुसरबीडसारख्या गावांची रोजची बातमी सांगण्याची जबाबदारी म्हणूनच सार्वजनिक प्रसारणावर अधिक येते. जिल्हावार बातमीपत्र आणि नियमित वेतनाचा वार्ताहर या त्यासाठीच्या किमान गोष्टी होत. त्या होईपर्यंत दुसरबीडकर मराठी बातम्या पाहत राहतील. त्यांत आपले गाव दिसले, तर काय विपरीत घडले, हीच शंका आधी मनात येईल.