पलसाण्याची अकरा वर्षे : एका वरिष्ठ सभागृहाची हकीकत

सुरत जिल्ह्यातील पलसाणा हे गाव राज्यकारभाराच्या इतिहासग्रंथांत क्वचितच भेटते. तथापि वरिष्ठ सभागृह कोणासाठी असते, या प्रश्नाचा विचार करणाऱ्याने या गावापाशी अंमळ थांबावे. पलसाणा हा बडोदे संस्थानच्या नवसारी प्रांतातील महाल. सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये सक्तीचे प्राथमिक शिक्षण संस्थानभर लागू केले आणि १९१० पासून ग्रंथालयांची चळवळ गावोगाव नेली, त्या राज्याचा हा भाग. १९०८ मध्ये स्थापन झालेली बडोद्याची धारासभा एकच सभागृह असलेली होती. वर दुसरे बसवावे असे महाराजांना वाटले नाही. १ मे १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, आणि पलसाण्याच्या माथ्यावर एकाएकी विधान परिषद आली.

ही परिषद १९३५ च्या कायद्याची. १९३७ मध्ये ती अस्तित्वात आली तेव्हा तिची सभासदसंख्या जेमतेम ३० होती आणि मताधिकार मालमत्ता, प्राप्तिकर, सरकारी मानमरातब यांच्या कुंपणात होता. मंगळदास पकवासा हे तिचे पहिले अध्यक्ष. संविधानाने ही कुंपणे मोडली, पण दार सर्वांना उघडले असे मात्र नाही. एक तृतीयांश सभासद स्थानिक स्वराज्य संस्थांनी निवडावयाचे, एक तृतीयांश विधानसभेने, एक द्वादशांश पदवीधरांनी, तितकेच माध्यमिक व त्यावरील शाळांतील शिक्षकांनी. उरलेले राज्यपालांनी नेमावयाचे. पलसाण्याच्या शेतकऱ्याला १९५२ च्या सार्वत्रिक निवडणुकीत विधानसभेसाठी मत होते, परिषदेसाठी नव्हते. पदवी मिळून तीन वर्षे झालेला एखादा तरुण, एखादा हायस्कूल-मास्तर एवढ्यांनाच तो मान. सक्तीच्या शिक्षणाने साक्षर झालेल्या गावाला साक्षरता पुरेशी नाही, पदवी हवी, असे जणू सांगण्यात आले. यातला विरोधाभास मला नेहमीच खटकत आला आहे.

याच सुमारास जपानमध्ये हाच प्रश्न निराळ्या रीतीने सोडविला गेला होता. तेथील जुने सरदारसभागृह आमच्या १९३७ च्या परिषदेपेक्षाही बंदिस्त : राजघराणे, किताबधारी, मोठे करदाते आणि सम्राटाने नेमलेले. युद्धानंतर, फेब्रुवारी १९४६ मध्ये, जनरल मॅकार्थर यांच्या कचेरीने तयार केलेल्या घटनेच्या मसुद्यात एकच सभागृह होते. दुसरे हवे, हा आग्रह जपानी सरकारचा. तो मान्य झाला तो दोन्ही सभागृहे लोकनिर्वाचित असतील या अटीवर. त्याप्रमाणे २० एप्रिल १९४७ रोजी २५० जागांसाठी मतदान झाले. १५० जागा प्रांतवार, आणि १०० जागांसाठी संपूर्ण देश हाच एक मतदारसंघ! वीस वर्षांवरील प्रत्येक स्त्रीपुरुषाला मत. मुदत सहा वर्षांची. अर्धे सभासद दर तीन वर्षांनी निवृत्त व्हावयाचे, म्हणून या पहिल्या खेपेस निम्म्यांना तीनच वर्षे मिळाली.

निकाल राजकीय पक्षांना अनपेक्षित होता. शंभराहून अधिक अपक्ष निवडून आले. त्यांतील पुष्कळांनी ‘र्योकुफूकाई’, म्हणजे हिरव्या वाऱ्याची मंडळी, असा गट केला. हे नाव सुचविणारे यूझो यामामोतो हे नाटककार व कादंबरीकार, याच निवडणुकीतले विजयी उमेदवार. (आपल्याकडे ग. दि. माडगूळकर परिषदेत बसले, परंतु नियुक्तीने.) ग्रंथालयप्रेमी वाचकांनी लक्षात ठेवावे असे नाव मात्र दुसरे आहे : गोरो हानी. युद्धकाळात तुरुंगवास भोगलेले हे इतिहासकार त्याच मतदानाने सभागृहात आले आणि तेथील ग्रंथालय समितीचे प्रमुख झाले. फेब्रुवारी १९४८ मध्ये राष्ट्रीय संसद ग्रंथालयाचा कायदा संमत झाला आणि जूनमध्ये अकासाका राजवाड्यात ग्रंथालय वाचकांना खुले झाले. ज्या लोकांना खरी माहिती मिळाली नाही ते युद्धात ओढले गेले, असा या प्रयत्नामागील विचार. वरिष्ठ सभागृहाच्या एका निवडणुकीतून असे फळ निघावे, हे मला तरी त्या निवडणुकीतील सर्व आकड्यांहून मोलाचे वाटते.

पुढे पक्षांनी आपली यंत्रणा या निवडणुकांतही उतरविली. अपक्ष सभासद घटत गेले आणि १९६५ मध्ये तो हिरवा वारा थांबला. थेट मतदान झाले म्हणून सभागृह स्वतंत्र बुद्धीचे राहतेच, असे नाही, हेही येथे नोंदवले पाहिजे.

इकडे मुंबई राज्याची फाळणी झाली. १ मे १९६० रोजी महाराष्ट्राने परिषद ठेवली. गुजरातने ठेवली नाही. महाराष्ट्राच्या परिषदेचे सभापतिपद त्याच वर्षी वि. स. पागे यांच्याकडे आले आणि १९७८ पर्यंत त्यांच्याकडेच राहिले. रोजगार हमी योजनेची कल्पना त्यांचीच, आणि परिषदेच्या बाजूने बोलताना तिच्या समर्थकांना यापेक्षा बळकट पुरावा सहसा सापडत नाही. पश्चिम बंगालने १९६९ मध्ये व तामिळनाडूने १९८६ मध्ये आपल्या परिषदा मोडीत काढल्या. आंध्रने १९८५ मध्ये काढून टाकलेली परिषद २००७ मध्ये पुन्हा आणली.

पलसाणा गुजरातेत गेला. विलीनीकरण १ मेला, वियोगही १ मेलाच. मध्ये बरोबर अकरा वर्षे, आणि नव्या संविधानाखालील परिषद त्यांतली जेमतेम आठ. नव्या राज्याच्या विधानसभेत १३२ सभासद होते, वर कोणी नव्हते. पलसाण्याच्या शेतकऱ्याच्या मताला त्या दिवशी काहीच उणे पडले नाही. दुसरे मत गेले ते पदवीधराचे आणि मास्तरांचे.